चाकांवरची दिंडी

ज्येष्ठाचा उत्तरार्ध आला की महाराष्ट्राच्या मातीत एक ओढ जागी होते. परंपरेने ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबांची आणि अष्टमीस आळंदीहून ज्ञानोबांची पालखी प्रस्थान ठेवते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ, पैठणहून एकनाथ, सासवडहून सोपानकाका, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई अशा संतांच्या पालख्या आपापल्या वाटा धरतात आणि आषाढ शुद्ध एकादशीस साऱ्या वाटा चंद्रभागेच्या वाळवंटात एक होतात. टाळ, मृदंग आणि ‘ज्ञानोबा-तुकाराम’ या नामघोषाने भारलेला हा सोहळा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु गेल्या काही वर्षांपासून पालख्यांच्या आगेमागे याच वाटांवर आणखी एक मेळा दिसू लागला आहे. त्याच्या हाती टाळ नसतात, हँडल असते. कॅरिअरला किंवा दांडीला बांधलेली लहानशी भगवी पताका वाऱ्यावर फडफडत असते, कपाळी गंधाचा टिळा असतो आणि चढावर दम लागला की एकच घोष उठतो, ‘पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!’ ही सायकलस्वारांची वारी होय.

पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून, नाशिकहून, तशीच राज्यातील इतर अनेक गावांहून सायकलस्वारांची पथके आता आषाढीच्या आधी पंढरीस जातात. नाशिकची परंपरा तर दशकाहून अधिक जुनी झाली आहे. डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, कारखान्यातले कामगार, महाविद्यालयीन मुले-मुली, नातवंडे असलेल्या गृहिणी असे नाना थरांतले लोक त्यांत असतात. हे लोक एवढा लांबचा रस्ता पायांच्या बळावर का तुडवतात? आणि त्यांच्या या प्रवासास ‘वारी’ हे पवित्र नाव लावावे काय? हे दोन्ही प्रश्न भाविकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा एका पथकाबरोबर नाशिक ते पंढरपूर हा प्रवास करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्या प्रवासात जे दिसले त्यावरून या प्रश्नांचा विचार येथे मांडावयाचा आहे.

निवृत्तिनाथांची वाट

नाशिकहून पंढरीची वाट म्हणजे ज्ञानोबांच्या थोरल्या बंधूंची, त्यांच्या सद्गुरूंची वाट. त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ असलेल्या निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर, राहुरी, अहिल्यानगर, मिरजगाव, करकंब असा मुक्काम करीत जवळजवळ महिनाभराने भीमातीरी पोहोचते. सायकलस्वार हाच टापू तीन दिवसांत ओलांडतात. एकूण अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पहिल्या दिवशी नाशिक ते अहिल्यानगर, दुसऱ्या दिवशी करमाळ्यावरून टेंभुर्णी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पंचेचाळीसएक किलोमीटर कापून पंढरपूर, असा साधारण क्रम असतो.

पहाटे साडेचार वाजता आरती होते, नारळ फुटतो आणि पथक निघते. सिन्नरच्या अलीकडे मोहदरीचा घाट लागतो. येथेच नवख्यांची पहिली परीक्षा होते. घाट सरला की माळरान, मग प्रवरेच्या पाण्यावर पोसलेला उसाचा हिरवा पट्टा, पुढे अहिल्यानगरच्या पलीकडे पुन्हा कोरडवाहू मुलूख. करमाळ्याच्या पुढे कंदरच्या आसपास उजनी जलाशयाचा शेजार लाभतो आणि केळीच्या बागा डोळे निववतात. नाशिक पंढरपुरापेक्षा उंचावर आहे, म्हणून वाट उताराची असेल असे नकाशा पाहणाऱ्यास वाटते. पाय मात्र निराळेच सांगतात. ज्येष्ठ-आषाढाचा वारा अंगावर येऊ लागला की सपाट रस्त्यासही चढाची कळा येते.

दिंडीचा कायदा

सायकलस्वारांच्या पथकाची रचना पाहताना दिंडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळ्यास आरंभ केला असे मानले जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानोबांच्या सोहळ्यास स्वतंत्र रूप दिले. शिंदे सरकारच्या पदरी राहिलेल्या या सत्पुरुषाने लष्करी शिस्त भक्तीच्या सेवेस लावली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीस आपला क्रमांक. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंगी आणि विणेकरी, मागे तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा डोईवर घेतलेल्या माताभगिनी. आपली जागा सोडून कोणी पुढे धावत नाही. दिंडीत चालणाऱ्याचा वेग त्याच्या पायांत नसतो, तो दिंडीचा असतो.

विणेकऱ्याची रीत तर विशेष पाहण्याजोगी आहे. वीणा भुईवर ठेवावयाची नसते. एकजण थकला की दुसरा पुढे येतो, दोघे परस्परांस नमस्कार करतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. स्वर खंडत नाही. माणूस बदलतो, सेवा तीच राहते.

मुक्कामी पोहोचल्यावर होणारी समाजआरती ही या लोकशाहीची खरी खूण होय. तळावर पालखीभोवती दिंड्या जमतात. चोपदार दंड उंचावून ‘होऽ’ अशी आरोळी देतात आणि एका क्षणात हजारो टाळ स्तब्ध होतात. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि मगच आरती होते. लाखांच्या मेळ्यात एका लहानशा दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी आरती थांबते, ही गोष्ट आपण वारीकडे दुरून पाहतो तेव्हा ध्यानी येत नाही.

आता सायकलस्वारांकडे पाहा. सर्वांत पुढे वाटेची माहिती असलेला एक म्होरक्या, सर्वांत मागे एक जाणता, अनुभवी गडी. या मागच्या गड्याने कोणासही आपल्या मागे राहू द्यावयाचे नाही, हा त्याचा धर्म. त्याच्यामागे सामानाचा टेम्पो आणि औषधांची पेटी. रस्त्यात खड्डा दिसला की पुढचा हात खाली करून दाखवतो, त्याच्या मागचा तसाच हात करतो आणि ती खूण शेवटच्या चाकापर्यंत पोहोचते. मागून ट्रक आला की आरोळी उलट दिशेने पुढे जाते. चाळीस माणसे, परंतु पाहणारे डोळे पुढच्याचे आणि ऐकणारे कान मागच्याचे. पुढच्याने दाखवलेला खड्डा मधल्याच एखाद्याने मागे कळवला नाही तर त्याच्या मागचा पडतो. म्हणून येथे प्रत्येकजण एकाच वेळी शिष्यही असतो आणि वाटाड्याही.

वाऱ्याने शिकवलेला धडा

सायकलीवरील सोबतीस केवळ भावनेचा आधार नाही, सृष्टिनियमाचाही आहे. सायकल जसजशी वेग घेते तसतसा तिला होणारा मुख्य अडथळा रस्त्याचा राहत नाही, हवेचा होतो. पुढचा सायकलस्वार हवा कापत जातो आणि त्याच्या पाठीमागे एक आडोसा निर्माण होतो. त्या आडोशात, हातभर अंतर राखून जो चालतो, त्यास वेगानुसार व अंतरानुसार पाव ते एक तृतीयांश श्रम कमी पडतात. ज्याची छाती वाऱ्याशी झुंजते तो पुढचा थकतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी तो बाजूस सरतो, रांग पुढे जाऊ देतो आणि शेपटास जाऊन मिळतो. त्याच्या जागी दुसरा येतो. विण्याची अदलाबदल होते तशीच ही वाऱ्याची अदलाबदल.

येथपर्यंत अनेकांस ठाऊक असते. परंतु याहून गोड अशी एक गोष्ट आहे. मागे कोणी चालत असेल तर त्याचा थोडा लाभ पुढच्यासही होतो! एकट्या सायकलस्वाराच्या पाठीशी हवेची जी ओढ निर्माण होते, ती मागे दुसरा असल्याने किंचित कमी होते. हा लाभ अल्प असतो, पण तो असतो. म्हणजे मागून येणारा हा पुढच्याच्या पाठीवरचे ओझे आहे, ही समजूत सृष्टीसही मान्य नाही. संतांनी जे अनुभवाने सांगितले त्याची साक्ष वाऱ्याने द्यावी, याचे कोणास नवल वाटणार नाही काय?

ही जाण साऱ्या जगातील लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांस आहे. इटलीत १२ जून १८९७ रोजी बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे दोनशे तीस किलोमीटर सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीत जोडीने गेले. त्यांना ‘ऑडॅक्स’ हे नाव मिळाले. या लॅटिन शब्दाचा अर्थ धाडसी. पुढे १९०४ साली फ्रान्समध्ये आंरी देग्रांज यांनी अशा प्रवासांचे नियम घालून दिले. सर्वांनी एका ठरीव गतीने, मार्गनायकाच्या मागून जावयाचे, ही त्यांतली मुख्य अट. शर्यतीच्या वेडाने झपाटलेल्या त्या काळात, कोणी पहिला येणार नाही असा प्रवास लोकांना हवासा वाटला. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या जोडीने पुरी केली. एकाने चालवावयाची, दुसऱ्याने विसावा घ्यावयाचा, पुन्हा पाळी बदलावयाची. थोरल्याने धाकट्यासाठी आणि धाकट्याने थोरल्यासाठी वारा अंगावर घेण्याची ही रीत निवृत्ति-ज्ञानदेवांच्या भूमीस शोभून दिसते.

मिरजगावचा चहा

तत्त्व सांगणे सोपे असते. त्याची कसोटी रस्त्यावर लागते. आमच्या पथकात एक निवृत्त पोस्टमन होते. वय पासष्टीच्या पुढचे. सारे त्यांना ‘काका’ म्हणत. इतरांजवळ गिअरच्या हलक्या सायकली, काकांजवळ मात्र आयुष्यभर टपाल वाहिलेली काळी, भक्कम, बिनगिअरची सायकल. पुढे कंदील अडकवावयाची कडी, मागे रुंद कॅरिअर. पहिल्या दिवशी ते कसेबसे बरोबरीने आले. दुसऱ्या दिवशी अहिल्यानगर सोडल्यावर पावसाची सर आली, वारा उलटा-सुलटा वाहू लागला आणि रांग विसकटली. तरुण मंडळी पुढे निघून गेली. मिरजगावच्या चहाच्या टपरीपाशी पुढचे पोहोचले तेव्हा काका आणि त्यांच्या सोबतीस राहिलेला मागचा गडी यांचा पत्ताच नव्हता. ते पोहोचले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता.

पथकाची धुरा एका शाळेतील शिक्षिकाबाईंकडे होती. सर्वांनी गोल धरला. एक तरुण अभियंता उठला आणि स्पष्ट बोलला, “ताई, काकांबद्दल आदरच आहे. पण या गतीने टेंभुर्णीला पोहोचायला रात्रीचे दहा वाजतील. रस्त्यावर दिवे नाहीत, उसाचे नि वाळूचे ट्रक आहेत. चाळीस माणसांना अंधारात घालणे बरोबर नाही.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रागाने बोललेलेही नव्हते.

काकांनी कपातला चहा संपवला आणि म्हणाले, “पोरगा बरोबर बोलतोय, ताई. माझी सायकल टेम्पोत घाला. माझ्यापायी कोणाला धोका नको. विठोबा मला टेम्पोतूनही दिसेल.”

कोणी काही बोलेना. ताईंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग त्या अभियंत्यासच विचारू लागल्या, “काका एकटे चालवतात तेव्हा ताशी पंधरा-सोळाने येतात. वारा अडवला तर किती येतील?” तो हिशेबी मुलगा. मनाशी आकडे जुळवून म्हणाला, “अठरा. कदाचित अठराच्या वर.” “आणि आपण सर्वांनी अठरानेच जायचे ठरवले, थांबे कमी केले, तर टेंभुर्णी कधी?” “दिवे लागायच्या वेळी,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्यानंतर जी रांग लागली तिचे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. दोन धिप्पाड तरुण पुढे. तिसऱ्या जागी काका, त्यांच्या काळ्या सायकलीवर. त्यांच्या मागे सारे पथक. आजवर जो शेवटी होता तो आता सर्वांच्या दृष्टीपुढे होता, आणि त्याच्या पायडलचा ताल हाच साऱ्यांचा ताल झाला. पुढची जोडी दहा मिनिटांनी बदले. चढ आला की कोणी तरी नामाचा घोष करी आणि गती आपोआप उतरे. करमाळ्यास जेवण झाले. कंदरच्या अलीकडे केळीच्या बागांवर ऊन तिरपे पडले होते.

तेथेच त्या अभियंत्याचे मागचे चाक बसले. त्याने चपळाईने नवी ट्यूब घातली, हवा भरली, अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा चाक खाली. दुसरी नवी ट्यूबही तशीच गेली. तो वैतागला. काका खाली उतरले. त्यांनी टायर काढून घेतला, फडके बोटांभोवती गुंडाळले आणि आतून सावकाश फिरवत नेले. एके ठिकाणी फडके अडले. नखाने त्यांनी बाभळीचा एक बारीक काटा उपसला आणि तळहातावर ठेवून त्या मुलाला दाखवला. “नवी ट्यूब घालायच्या आधी जुना काटा काढावा लागतो, बाळा,” एवढेच ते बोलले. मग फुटलेल्या ट्यूबला घासून, सोल्यूशन लावून त्यांनी ठिगळ बसवले. तेवढा वेळ सारे पथक रस्त्याच्या कडेला थांबून होते. घड्याळाकडे कोणी पाहिले नाही.

टेंभुर्णीत शिरलो तेव्हा दुकानांत दिवे नुकतेच लागत होते.

अंगणातली भाकरी

वाटेवरील गावांचे ऋण येथे नोंदवलेच पाहिजे. सायकलस्वार दिसले की शाळेची पोरे धावत येतात. कोणी पाण्याचा तांब्या घेऊन उभे असते, कोणी गूळ-शेंगदाणे पुढे करते. एका वस्तीवर एका माउलीने चुलीवरच्या भाकऱ्या आणि ठेचा पानावर वाढला. पैसे देऊ केले तर ती म्हणाली, “वारकऱ्याकडनं कुणी पैसं घेतं व्हय?” तिच्या लेखी आमच्या सायकलींची किंमत, आमची शिक्षणे, आमच्या घड्याळांवरील आकडे यांस काही अर्थ नव्हता. पंढरीस जाणारा तो वारकरी, आणि वारकरी तो माउली. तिने जे नाव दिले त्यास पात्र होण्याची जबाबदारी मात्र त्या भाकरीबरोबर आमच्या पदरात पडली.

पथकातील परस्परांची हाक ‘साहेब’, ‘डॉक्टर’ यांवरून दुसऱ्या दिवशी सकाळी ‘माउली’वर येते, हा अनुभव जवळजवळ सर्वांचा आहे. वारीत धाकटा थोरल्याच्या आणि थोरला धाकट्याच्या पायांवर डोके ठेवतो. सायकलीवरून उतरल्यावर चिखलाने माखलेल्या पायांना वाकून स्पर्श करणारे हात पाहिले म्हणजे ही रीत रस्त्याने आपोआप शिकवली असे वाटते. ज्याच्या आडोशाने आपण तीस किलोमीटर आलो, त्याचे पाय धरण्यास कोणी सांगावे लागत नाही.

ही वारी होय काय?

तरीही प्रश्न उरतो. पायी वारी करणारे जुने वारकरी विचारतात की, तीन दिवसांत उरकते ती वारी कशी? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वारी म्हणजे केवळ पंढरीस पोहोचणे नव्हे. वारी म्हणजे येरझार, नेमाने पुनःपुन्हा जाणे. आषाढी-कार्तिकीचा नेम, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचे व्रत, मांसाहार व व्यसनांपासून दूर राहणे, नित्य हरिपाठ, हे सारे वारकऱ्याच्या अंगी असावे लागते. एकदा हौसेने गेलेला तो यात्रेकरू. सायकलवारीत हौसेचा, छायाचित्रांचा आणि ‘मी इतक्या तासांत गेलो’ या बढाईचा शिरकाव होतो, हे पथकांतील जाणती मंडळीही कबूल करतात. चाकाला वेग असतो आणि वेगाला अहंकार चटकन चिकटतो.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. २०२० साली महामारीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही. संतांच्या पादुका मोजक्या सेवेकऱ्यांसह एसटीच्या बसमधून पंढरीस गेल्या. २०२१ सालीही पादुकांचा प्रवास बसनेच झाला. लाखो वारकरी घरी राहिले, अंगणात उभे राहून त्यांनी हात जोडले. वारी खंडली असे त्यांतील अनेकांनी मानले नाही. ती आपत्तीची सोय होती, चालण्याचा पर्याय नव्हता, हे खरे. पण वारीचा प्राण वाहनात वा पायांत कोंडलेला नाही, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

मग तो प्राण कोठे आहे? हैबतबाबांच्या शिस्तीत, समाजआरतीच्या वेळी वाजत राहणाऱ्या त्या एका दिंडीच्या टाळांत आणि त्या टाळांसाठी थांबणाऱ्या आरतीत त्याचा माग लागतो. जो मागे राहिला, ज्याचे गाऱ्हाणे आहे, ज्याची चाल मंद आहे, त्याच्यासाठी साऱ्या सोहळ्याने थांबणे, ही वारीची खूण. सायकलस्वार हे पाळतील तेवढी त्यांची वारी. ज्या पथकातून म्हातारा मागे सुटला आणि पुढच्यांनी कळसापाशी आपली छायाचित्रे काढून घेतली, ते पथक पंढरपुरास पोहोचले असेल, पंढरीस नव्हे. मिरजगावच्या टपरीपाशी जो गोल धरला गेला, त्या वेळी आमच्या प्रवासास वारीचे नाव लागावे की नाही याचा निर्णय व्हावयाचा होता.

पायी वारीची बरोबरी सायकल कधी करू शकणार नाही, आणि करूही नये. पायी चालणाऱ्यास माती, पाऊस, मुक्काम, कीर्तन यांचे जे देणे लाभते ते चाकावरून निसटते. परंतु शहरातील ज्या तरुणास वीस-पंचवीस दिवसांची रजा मिळत नाही, ज्याच्या घरची वारी आजोबांबरोबर थांबली, त्यास त्या वाटेकडे वळवणारा हा एक दरवाजा आहे. त्यांतील काहीजण पुढे रजा साठवून पायी दिंडीत जातात, असेही दिसते. दरवाजास मंदिर समजू नये, आणि दरवाजा अडवूही नये.

कळस आणि परतीची वाट

तिसऱ्या दिवशी सकाळी भीमेचा पूल ओलांडताना पहिला कळस दिसला. ज्यास प्रथम दिसला त्याने हात वर केला, आणि खड्ड्याची खूण जशी मागे जात होती तशीच ही खूणही चाकामागून चाकास पोहोचली. काही पथके पंढरपुरात मैदानावर सायकलींचे रिंगण धरतात. माउलींचा अश्व जसा वर्तुळात धावतो त्याची ती भाविक आठवण. आमच्या पथकाने चंद्रभागेत स्नान केले, पुंडलिकास वंदन केले आणि नामदेव पायरीपाशी माथा टेकला. ज्या नामदेवांनी मंदिराच्या आत जागा न मागता भक्तांच्या पायधुळीची पायरी पत्करली, त्यांच्यापाशी येऊन थांबणे हाच लांबच्या वाटेचा योग्य शेवट वाटतो. समोरच चोखोबांची समाधी. दाराबाहेर ठेवल्या गेलेल्या त्या महाभक्तापुढे हात जोडताना, कोणासही मागे न ठेवण्याचा विचार केवळ प्रवासाचा नियम राहत नाही.

एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला झाला की पालख्या परत फिरतात. जाताना लाखांचा जनसागर, येताना मोजकी माणसे. टाळांचा गजर मंद, बातमी कोणी छापत नाही, रस्त्यावर स्वागताच्या कमानी नसतात. तरी पादुका पायी परत जातात, मुक्काम जलद उरकत, पावसाच्या सरी झेलत. पुण्याकडील जी पथके सायकलीनेच माघारी जातात, त्यांनाही हाच अनुभव येतो. जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, येताना तोच छातीवर येतो. जाताना उत्साहाने भागते. येताना आडोसा लागतो, पाळी लागते, सोबत लागते.

संसाराची वाटही अशीच असते. भरतीच्या दिवसांत सोबतीची किंमत कळत नाही. उलट्या वाऱ्यात पुढे होऊन कोणी तरी आपल्यासाठी हवा कापलेली असते, कधी आईने, कधी थोरल्या भावाने, कधी नावही ठाऊक नसलेल्या एखाद्याने. आज एकादशीस घरातील देवापुढे आपण हात जोडू, तेव्हा विठुरायाबरोबर त्यांचेही स्मरण व्हावे. आणि कुटुंबात, गल्लीत, कचेरीत जे कोणी मागे पडले असेल, त्यासाठी दहा मिनिटे वारा अंगावर घेण्याचे बळ त्या विटेवर उभ्या असलेल्या पांडुरंगाने आपणांस द्यावे.

रामकृष्णहरि!